थरथरत्या हातांचा जादूगार

रुग्णाच्या मेंदूत गोळी अडकली आहे आणि डॉ. स्टीफन स्ट्रेंज ती निव्वळ हाताच्या अंदाजानं काढायला उभा राहिला आहे. चिमटा आत जातो. तेवढ्यात तो समोरच्या डॉक्टरला सांगतो, घड्याळ झाका. त्या मनगटावरची टिकटिक त्याला नको आहे. पुढं त्याच्या घरातला एक खण उघडतो आणि आत संथ फिरणाऱ्या कप्प्यांत ओळीनं मांडलेली किमती घड्याळं दिसतात. दुसऱ्याच्या मनगटावरची वेळ ज्याला सोसत नाही, त्यानं घरी घड्याळांचा संग्रह करून ठेवला आहे. त्यातलंच एक बांधून तो रात्री गाडी काढतो, वळणाच्या रस्त्यावर भरधाव जाताना फोनवर पुढच्या रुग्णांची निवड करत राहतो, स्कॅन बघायला रस्त्यावरची नजर काढतो, आणि गाडी कड्यावरून खाली कोसळते. हात चिरडतात. घड्याळाची काच फुटते.

पुढच्या पानांत ‘डॉक्टर स्ट्रेंज’चं प्रसंगवार वाचन आहे, आणि ते या दोन वस्तूंच्या आधारानं केलेलं आहे: हात आणि घड्याळ. हा नोव्हेंबर २०१६मध्ये प्रदर्शित झालेला, स्कॉट डेरिक्सन यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट मार्व्हलच्या मालिकेतला चौदावा. सुमारे साडेसोळा कोटी डॉलर खर्चून केला आणि जगभरात त्यानं ६७ कोटींहून जास्त डॉलर मिळवले. म्हणजे प्रेक्षकांनी तो मनापासून पाहिला. तरीही त्याच्याबद्दल बोलायला गेलं की बहुतेक जण एका वाक्यात निकाल लावतात: दृश्यं अफाट, गोष्ट तीच. या वाक्याचा पहिला भाग खरा आहे. दुसराही खराच आहे, पण तिथं थांबलं की या चित्रपटानं त्याच त्या गोष्टीत नेमकं काय केलं हे बघायचं राहून जातं.

गोष्ट तीच आहे हे आधी मान्य करून टाकू. हुशार, श्रीमंत, तोंडाळ, स्वतःवर खूश असलेला माणूस. अपघात. शरीराला कायमची इजा. घरापासून फार दूर भेटलेला गुरू. शिक्षण. गुरूचा मृत्यू. आकाशातून शहरावर येणारं संकट आणि नव्या वीरानं ते परतवणं. २००८च्या ‘आयर्न मॅन’मध्ये टोनी स्टार्क याच वाटेनं गेला होता. तो शस्त्रांचा व्यापारी, हा शल्यविशारद. त्याच्या छातीत धातूचे तुकडे, याच्या हातात पोलादी पिना. त्याला अफगाणिस्तानातल्या गुहेत यिन्सेन भेटतो, याला काठमांडूत एन्शंट वन. दोघांच्या दाढीची ठेवणसुद्धा सारखी. २०११चा ‘थॉर’ गर्विष्ठ राजपुत्राला याच कारणासाठी पृथ्वीवर ढकलतो. २०१५च्या ‘अँट-मॅन’मध्ये गर्वाच्या जागी गुन्हा आहे, बाकी पायऱ्या त्याच.

पण ठरलेली वाट हा माझ्या लेखी दोष नाही. कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यान आधीपासून ठाऊक असतं. बुवा कुठं थांबतात, कुठल्या प्रसंगाला आवाज चढवतात, कशावरून झरकन पुढं जातात, याकडं त्याचे कान असतात. उगमकथेचंही तेच. त्यामुळं ‘डॉक्टर स्ट्रेंज’ला विचारायचा प्रश्न एवढाच, की या कथाकारानं आपलं वजन कुठं टाकलं आहे.

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. सुपरहिरोंच्या बाबतीत उगमकथा आधी आणि पराक्रम नंतर असं आपण धरून चालतो, ते चित्रपटांमुळं. कॉमिक्समध्ये पुष्कळदा उलटं घडलं. बॅटमॅन १९३९च्या मे महिन्याच्या अंकात थेट कामाला लागलेलाच अवतरला. त्याच्या आईवडिलांचा खून वाचकांना त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या अंकात कळला. डॉ. स्ट्रेंजही तसाच. ‘स्ट्रेंज टेल्स’ या मासिकाच्या ११०व्या अंकात, जुलै १९६३मध्ये, तो पाच पानांच्या एका छोट्या कथेत येतो तो सिद्ध मांत्रिक म्हणूनच. हा कोण, कुठून आला, काही नाही. तो गर्विष्ठ शल्यविशारद होता, अपघातात त्याचे हात गेले, बरं होण्याच्या आशेनं तो आशियातल्या बर्फाळ डोंगरांत एका वृद्ध गुरूकडं गेला, हे सगळं ११५व्या अंकात, डिसेंबरमध्ये सांगितलं गेलं. म्हणजे आधी जादू आली आणि मागाहून तिला दुःखाचा आधार मिळाला. तो आधार इतका चपखल बसला की आज त्याच्याशिवाय हे पात्र डोळ्यांपुढं येत नाही.

ही कल्पना स्टीव्ह डिटको यांची होती. स्टॅन ली यांनी स्वतः १९६३मधल्या एका पत्रात तसं लिहून ठेवलं आहे. डिटको म्हणजे ‘स्पायडर-मॅन’ चित्रात उतरवणारे कलावंत. त्यांच्या चित्रांत चेहऱ्याइतकेच हात बोलतात. जाळं फेकताना स्पायडर-मॅनची वळलेली बोटं आठवा: मधली दोन तळव्याकडं मुडपलेली, कडेची ताठ. डॉ. स्ट्रेंजचा मंत्रही तोंडापेक्षा बोटांतून सुटतो. आणि या हातांभोवती डिटको जे जग रचत, तिथं जमीन नसे. हवेत तरंगणाऱ्या वाटा, कुठंच न उघडणारी दारं, वर-खाली हा भेद गेलेला. साठच्या दशकातल्या कॉलेजातल्या पोरांना वाटायचं, हा माणूस नक्की नशापाणी करत असणार. प्रत्यक्षात डिटको कडक शिस्तीचे, आयन रँडच्या विचारांनी भारलेले, मुलाखती टाळणारे गृहस्थ. त्यांनी १९६६मध्ये मार्व्हल सोडलं आणि २०१८मध्ये, नव्वदीत, ते गेले. चित्रपटात मारामारी चालू असताना बसमध्ये बसलेले स्टॅन ली आल्डस हक्सली यांचं ‘द डोअर्स ऑफ परसेप्शन’ वाचताना दिसतात. त्या काळच्या वाचकांना केलेला तो प्रेमाचा नमस्कार आहे. मला मात्र प्रत्येक वेळी वाटतं, त्याच बसमध्ये डिटकोंसाठीही एक जागा हवी होती.

पडद्यावर शहरं घडी घालून मुडपतात, रस्ते भिंतींवर चढतात, इमारतींचे मजले दात्यांच्या चाकांसारखे फिरतात. हे बघून अनेकांना ख्रिस्तोफर नोलन यांचा २०१०चा ‘इन्सेप्शन’ आठवला, आणि एशर यांची न संपणाऱ्या जिन्यांची चित्रं. नातं आहेच. पण ‘इन्सेप्शन’मधलं पॅरिस एकदा गंभीरपणे दुमडतं आणि शांत होतं, इथलं न्यूयॉर्क माणसं धावत असताना त्यांच्या पायांखालून सरकत राहतं. धावण्याला दिशाच उरत नाही. ही मूळची डिटकोंची भीती आहे, आणि स्टेफान सेरेत्ती यांच्या दृश्यपरिणाम चमूनं ती नेमकी पकडली. ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार ‘द जंगल बुक’ घेऊन गेला.

आता हिमालयाकडं वळू. या साच्यातला हा सर्वांत जुना भाग, आणि आपण जरा थांबून बघावा असा. पश्चिमेचा खचलेला माणूस पूर्वेच्या डोंगरात जातो, तिथली विद्या थोड्याच दिवसांत तिथल्या लोकांपेक्षा चांगली शिकतो आणि परत जाऊन आपलं शहर वाचवतो. जेम्स हिल्टन यांनी १९३३मध्ये ‘लॉस्ट होरायझन’ कादंबरीत शांग्री-ला उभं केलं. त्याच्याही आधी, १९३१पासून, अमेरिकी रेडिओवर ‘चंदू द मॅजिशियन’ ही मालिका गाजत होती. तिच्यातला अमेरिकी नायक हिंदुस्थानातल्या योग्यांकडून विद्या शिकून आलेला असतो. लहानपणी ऐकलेल्या या मालिकेचं ऋण स्टॅन ली मान्य करत. ली फॉक यांचा मँड्रेक १९३४चा. मराठी वाचकाला तर तो घरचाच, कारण इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळाच्या जोडीनं तो मराठी बोलत आपल्याकडं आला. टोप घातलेला, सळसळत्या अंगरख्यातला, नुसत्या हातवाऱ्यानं समोरच्याला भ्रमात टाकणारा मँड्रेक ज्यांनी शाळेच्या दप्तरात लपवून वाचला, त्यांना डॉ. स्ट्रेंजची ओळख वेगळी करून द्यायला नको. मँड्रेकचं शिक्षणही हिमालयाच्याच कुशीत झालं होतं. आपल्याच उशाशी असलेल्या डोंगराची अमेरिकेहून फिरून आलेली गोष्ट आपण किती आनंदानं वाचली! ती वाचताना आपल्याला कधी परकं वाटलं नाही, आणि त्यात आपलं असं काय होतं हेही कधी विचारलं नाही.

चित्रपट करणाऱ्यांना २०१६मध्ये हा प्रश्न टाळता आला नाही. कॉमिक्समधला एन्शंट वन हा लांब दाढीचा आशियाई म्हातारा. तो तसाच ठेवला तर जुनाट साचा, म्हणून त्यांनी ती भूमिका बाई केली आणि टिल्डा स्विंटन यांना दिली. झालं असं, की आशियाई गुरूचं व्यंगचित्र टळलं आणि त्याबरोबर आशियाई गुरूही गेला. टीकेचं मोहोळ उठलं, आणि ती टीका रास्त होती. चित्रपटाचे निर्माते केविन फायगी यांनी २०२१मध्ये, आशियाई कलाकाराला घेऊनही हे साधता आलं असतं, असं उघड मान्य केलं. स्विंटन यांचं काम सुरेख आहे. त्यांच्या हालचालींत एक थंड, वय न सांगणारी सहजता आहे. म्हणून मला ही गोष्ट जास्त लागते. चांगल्या अभिनयानं चुकलेल्या निवडीचं समर्थन होत नाही.

याउलट वाँगच्या बाबतीत त्यांनी नीट विचार केला. कॉमिक्समध्ये तो डॉ. स्ट्रेंजचा चहा आणून देणारा नोकर होता. इथं बेनेडिक्ट वाँग यांनी रंगवलेला वाँग ग्रंथालय सांभाळतो, विद्येत नायकाच्या पुढं आहे आणि त्याच्या विनोदाला हसत नाही. आधीच्या ग्रंथपालाचं शिर याच ग्रंथालयात उडवलं गेलं होतं, हे तो नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत सांगून ठेवतो.

आणि काठमांडू. एन्शंट वन जिथं शिकवतात त्या कमार-ताजची गल्ली इंग्लंडमधल्या स्टुडिओत उभारली होती, पण पाटणचा दरबार चौक, स्वयंभूनाथ, पशुपतिनाथ आणि ठमेलचे रस्ते खरे आहेत. चित्रीकरण नोव्हेंबर २०१५मध्ये झालं. त्याच वर्षी २५ एप्रिलला नेपाळात भूकंप झाला होता. सुमारे ९ हजार माणसं गेली, पाटणच्या चौकातली देवळं कोसळली. त्या चौकातून, गर्दीत धक्के खात, दाढी वाढलेला एक परदेशी माणूस थरथरत्या हातांनी पत्ता विचारत फिरतो. त्याच्याभोवतीची माणसं कोणत्या वर्षातून बाहेर पडत होती, हे चित्रपट सांगत नाही. नेपाळ त्याला पार्श्वभूमीपुरतंच हवं आहे. पण कॅमेरा खोटं बोलू शकत नाही, आणि शहर चालू राहिलेलं त्या चौकटींत दिसतं.

कमार-ताजच्या दारात पोचल्यावर जादूचे नियम सुरू होतात. जादूच्या चित्रपटात प्रेक्षकाचा विश्वास नियमांवर बसतो, आणि इथले नियम थोडे पण पक्के आहेत. दोन बोटांत अडकवायची पितळी कडी आहे, ती घालून हात गोल फिरवला की ठिणग्यांचं वर्तुळ पेटतं आणि पलीकडं दुसरं ठिकाण उघडतं. आरसा-जगात केलेली मोडतोड खऱ्या जगाला लागत नाही. मांत्रिकांच्या हस्तमुद्रांसाठी बोटांचं नृत्य करणाऱ्या कलाकाराची मदत घेतली होती, म्हणून त्या मुद्रा घाईघाईत हवेत हात हलवल्यासारख्या दिसत नाहीत.

स्ट्रेंजला ही कडी चालवता येत नाही. त्याची सबब तयार आहे: हात. तेव्हा एन्शंट वन हमीर नावाच्या एका वृद्ध गुरूला पुढं बोलावतात. हमीर बाही मागं सारतो. एका हाताला पंजाच नाही. त्या नुसत्या मनगटानं तो प्रकाशाची रेषा सफाईनं ओढतो, नमस्कार करतो आणि जातो. प्रसंग अर्ध्या मिनिटाचा असेल. पण स्ट्रेंज हात बरे करून घ्यायला आला आहे आणि इथं हातांची गरजच नाही, हे त्याला इथं पहिल्यांदा दिसतं. पुढं एन्शंट वन त्याला एव्हरेस्टवर नेऊन सोडतात आणि वर्तुळ मिटवून निघून येतात. जीव वाचवायचा तर परतीचं दार स्वतःच उघडायचं. तो भुवयांवर बर्फ घेऊन अंगणात येऊन पडतो.

शिकवणुकीचा दुसरा भाग मरणाच्या दारात येतो. इस्पितळात एन्शंट वनचा देह खाली शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे, त्या स्वतः सूक्ष्म देहानं सज्जात उभ्या आहेत, आणि बाहेर वीज आणि बर्फ जवळजवळ थांबल्यासारखे सरकत आहेत. तिथं त्या स्ट्रेंजला त्याला इथवर आणणाऱ्या पँगबॉर्नचं गुपित सांगतात. छातीच्या मध्यापासून खाली लुळा पडलेला तो माणूस बरा झालेला नाही; तो क्षणोक्षणी जादू वापरून आपलं शरीर चालतं ठेवतो, म्हणून त्याच्याकडं दुसऱ्या कशासाठी जादू उरत नाही. स्ट्रेंजलाही हे करता येईल. हात परत मिळतील, शल्यविशारद म्हणून मान परत मिळेल, बाकी जगाचं काय व्हायचं ते होईल. त्यानं ठरवायचं आहे. साच्यातल्या गुरूचा मृत्यू शिष्याला बहुतेक वेळा सूडासाठी मोकळा करतो. इथला गुरू जाता जाता शिष्यापुढं त्याची जुनी इच्छा शक्य करून ठेवतो, आणि ती त्यानं सोडायची असते.

मराठी वाचकाला इथं चांगदेव आठवल्याशिवाय राहणार नाहीत. योगबळानं काळाला चुकवत चौदाशे वर्षं जगलेला, वाघावर बसून आलेला, सिद्धींचा डोंगर असलेला हा योगी शेवटी लहानग्या मुक्ताईचा शिष्य होतो. कथेत हरतो तो त्यांचा काळाला चुकवण्याचा अभिमान. ‘डॉक्टर स्ट्रेंज’मध्ये काळाला चुकवणारे दोघे आहेत. खलनायक केसिलियसची माणसं मेली आहेत, म्हणून त्याला काळच नसलेलं जग हवं आहे. आणि एन्शंट वनही त्याच जगाच्या निषिद्ध शक्तीवर चोरून जगत आल्या आहेत. गुरू आणि शत्रू यांची भूक एकच, हे या चित्रपटातलं सर्वांत धाडसी वळण. मॅड्स मिकल्सन यांच्यासारखा नट हाताशी असूनही केसिलियसला पुरेसे प्रसंग दिले नाहीत, याची म्हणूनच खंत वाटते. रेचल मॅकॲडम्स यांनी केलेल्या क्रिस्टीन या स्ट्रेंजच्या सहकारी डॉक्टरवरही अन्यायच झाला आहे. ती प्रत्येक वेळी कोणाचे तरी प्राण वाचवायला येते आणि कथा तिला तिथंच सोडून पुढं जाते.

आणि मग हाँगकाँग. अशा चित्रपटांच्या शेवटी शहर पाडायचं असतं. इतक्या वेळा पाडून झालं आहे की पडणाऱ्या इमारतींचं आता काही वाटत नाही. स्ट्रेंज पोचतो तेव्हा हाँगकाँग आधीच पडलेलं आहे. वाँग मेलेला आहे. स्ट्रेंज गळ्यातला अगामोटोचा डोळा उघडतो आणि काळ उलटा फिरवतो. विटा परत भिंतीत जातात, काचा जुळतात, माणसं ढिगाऱ्याखालून उठून उलट पावली चालू लागतात. आणि त्या उलट्या प्रवाहात मांत्रिकांची लढाई मात्र सरळ दिशेनं चालू आहे. पूर्ण होत जाणाऱ्या शहरात लढायचं, जुळणाऱ्या भिंतीत एखादा कायमचा अडकतो. साच्यातला सर्वांत शिळा प्रसंग अक्षरशः उलटा चालवला आहे.

तरीही केसिलियसला हव्या असलेल्या त्या अंधाराच्या जगाचा स्वामी डॉरमामू समोर आहेच, आणि त्याला ताकदीनं हरवणं शक्य नाही. स्ट्रेंज एकटा तिथं जातो, तह करायला आलो आहे म्हणतो आणि मारला जातो. पुन्हा येतो, तेच वाक्य, पुन्हा मारला जातो. त्यानं काळाचा एक तुकडा वळवून त्याची टोकं जोडली आहेत. जिथं काळच नव्हता तिथं त्यानं काळ आणला आहे, आणि आता दोघंही त्यात कैद आहेत. डॉरमामू त्याला भाल्यांनी विंधतो, चिरडतो, जाळतो. स्ट्रेंज जिंकत नाही. कंटाळाही करत नाही. शेवटी डॉरमामूच सुटका मागतो. डॉरमामूच्या चेहऱ्यामागचा अभिनयही स्ट्रेंज साकारणाऱ्या बेनेडिक्ट कंबरबॅच यांचाच आहे, म्हणजे हा नट तिथं स्वतःशीच घासाघीस करतो आहे. ज्या माणसाला आपलं अपयश एकदाही खपत नव्हतं, टिकटिक ऐकवत नव्हती, तो अनंत वेळा हरायला कबूल होतो. ठरलेल्या वाटेवर चित्रपटानं आपलं सगळं वजन इथं टाकलं आहे. लढाईच्या जागी सोसणं आलं, आणि ते पेलायला एवढा सगळा पूर्वभाग लागत होता.

बरं झालेले हात त्याला मिळत नाहीत. अखेरीस तो फुटक्या काचेचं ते घड्याळ मनगटाला बांधतो तेव्हा बोटं थरथरतच असतात.

एक धागा मात्र या वाचनात मी मुद्दाम मोकळा ठेवला आहे: चिवेटेल एजिओफोर यांचा मॉर्डो. कॉमिक्समध्ये तो सरळसोट दुष्ट होता. इथं तो स्ट्रेंजला काठमांडूच्या गल्लीत लुटारूंपासून वाचवणारा, नियमांवर जीव टाकणारा, गुरूवर देवासारखी श्रद्धा असलेला माणूस आहे. गुरूनंच नियम मोडला हे कळल्यावर तो कोसळतो. काळ फिरवून शहर वाचवलं याचा त्याला आनंद होत नाही. निसर्गाचा नियम मोडलात, त्याची किंमत कोण देणार, असं विचारून तो चालू लागतो. नामावलीनंतरच्या प्रसंगात तो पँगबॉर्नकडं जातो आणि त्याच्या पायांतली जादू काढून घेतो. पुन्हा लुळा झालेला पँगबॉर्न जमिनीवर पडलेला असताना मॉर्डो म्हणतो की जगात मांत्रिक फार झाले आहेत. त्याचं म्हणणं चूक आहे असं चित्रपट सिद्ध करत नाही, आणि ते करण्याची घाईही करत नाही. पुढं सॅम रेमी यांनी दिग्दर्शित केलेला दुसरा भाग २०२२मध्ये आला. त्यात मॉर्डो आहे, पण तो दुसऱ्याच विश्वातला. या मॉर्डोचा प्रश्न तिथं कोणी पुढं नेला नाही. वाचकानं चित्रपट पुन्हा बघावा तो याच्या बाजूनं, पहिल्या गल्लीपासून.